ट्रॉलीचा ब्रेक : निवड, जोडणी व जुळणी

दिवाळी आटोपली कीं वऱ्हाडांतील वाटा कापसाच्या गाड्यांनीं भरून जातात. पूर्वीं या गाड्या म्हणजे बैलांच्या बंड्या असत. आतां त्या बहुतेक ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आहेत. अकोट, दर्यापूर, मूर्तिजापूर, अमरावती किंवा अकोला, कोणत्याहि बाजाराच्या रस्त्यावर सकाळीं उभें राहावें, एकामागून एक ट्रॉली जातांना दिसेल. कोणींत कापूस, कोणींत सोयाबीन, तूर वा हरभरा, मोर्शी-वरुडाकडे संत्रीं. आणि मालावर बहुधा चार-दोन माणसें बसलेलीं. ट्रॅक्टर घेतांना तो किती अश्वशक्तीचा, तासास डिझेल किती पितो, नांगर किती खोल ओढतो, याची चौकशी आपला शेतकरी फार बारकाईनें करतो. पण मागची ट्रॉली थांबते कशानें, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. पुष्कळशा ट्रॉल्यांच्या बाबतींत त्याचें उत्तर असें आहे कीं, ती स्वतः थांबतच नाहीं. ट्रॅक्टर तिला थांबवितो.

बंडीचा काळ ज्यांनीं पाहिला आहे त्यांस ठाऊक आहे कीं, उतार लागला म्हणजे बैल मानेवर जूं घेऊन मागें रेटीत असत. गडी खालीं उतरून चाकास लाकूड दाबून धरी आणि गाडी थांबली कीं चाकाखालीं दगडाची उटी लावी. वेग बैलाच्या पावलाचा आणि भार बैलांस झेपेल तेवढा. शिवाय बैलास स्वतःची अक्कल होती. भार मागून आला कीं तो आपण होऊन पाय रोवी. ट्रॅक्टरास तें ज्ञान नाहीं, तें आपणांस यंत्रानें द्यावें लागतें.

प्रथम गणित पाहूं. ट्रॅक्टर २० क्विंटल वजनाचा आहे. चार चाकांची ट्रॉली स्वतः १५ क्विंटल व तींत ४५ क्विंटल सोयाबीन. एकूण ८० क्विंटल. आपल्याकडील बहुतेक ट्रॅक्टरांचा ब्रेक मागील दोन चाकांवरच असतो, आणि त्या चाकांवर ट्रॅक्टरच्या वजनापैकीं सुमारें १४ क्विंटल पडतें असें धरूं. चाक रस्त्यास धरून राहतें तें त्यावरील भाराच्या प्रमाणांत. कोरड्या डांबरी रस्त्यावर थोडीफार धूळ-माती असतेच; म्हणून ही पकड भाराच्या निम्मी मानली, तर ८० क्विंटलांच्या गाडीस थांबविण्यास अवघा ७ क्विंटलांचा जोर मिळतो. ताशीं २५ किलोमीटर वेगानें जाणारी ही गाडी सपाट रस्त्यावर ब्रेक लागल्यापासून सुमारें २८ मीटर जाऊन थांबेल. चालकाच्या ध्यानांत येऊन पाय दाबला जाईपर्यंत एक सेकंद जातो. त्यांत आणखी ७ मीटर गेले. हीच गाडी वीस फुटांत एक फूट अशा उतारावर असेल, तर २८ चे ६५ मीटर होतात. बारा फुटांत एक फूट असा उतार असेल, तर उतारच तिला साडेसहा क्विंटलांहून अधिक जोरानें खालीं ओढतो. ब्रेकचे ७ क्विंटल त्यास जेमतेम तोलून धरतात. गाडी थांबत नाहीं, जवळजवळ त्याच वेगानें खालीं जात राहते. रस्त्यावर मुरूम सुटला असेल, किंवा पावसानें काळ्या मातीचा लेप बसला असेल, तर तेवढाहि तोल राहत नाहीं व ब्रेक दाबलेला असतांना वेग वाढतो.

आतां त्याच ट्रॉलीच्या चारहि चाकांस ब्रेक आहे, आणि तो भाराच्या तीन-दशांश एवढाच जोर देतो असें धरा. ६० क्विंटलांवर १८ क्विंटल झाले. ट्रॅक्टरचे ७ मिळून २५. गाडी सपाटीवर ८ मीटरांत, वीसांत एक या उतारावर सुमारें साडेनऊ मीटरांत, आणि बारांत एक या उतारावर ११ मीटरांच्या आंत थांबते. हें गणित ढोबळ आहे. इंजिनाची अडवणूक वगैरे गोष्टी त्यांत धरलेल्या नाहींत. तरी ६५ आणि साडेनऊ यांतील अंतर इतकें मोठें आहे कीं त्यास बारीक हिशोबाची गरज नाहीं. वेगाविषयीं एवढेंच लक्षांत ठेवावें कीं, २५ चा वेग ३५ केला म्हणजे थांबण्याचें अंतर दुप्पट होतें.

दोन चाकांच्या ट्रॉलीचा कांहीं भार ट्रॅक्टरच्या हुकावर येतो, त्यामुळें मागील चाकांची पकड थोडी वाढते. पण तोच भार पुढचीं चाकें हलकीं करतो, आणि हलक्या चाकांनीं स्टीअरिंग ऐकत नाहीं. एका बाजूस मिळालेलें दुसऱ्या बाजूस जातें.

आमच्याच शेतावरील एक गोष्ट सांगतों. आश्विनांतला परतीचा पाऊस नुकताच उघडला होता. सोयाबीनचीं पोतीं भरून ट्रॉली गांवाकडे निघाली. वाटेंत नाल्यावर रपटा आहे, व त्याच्या अलीकडे शंभर पावलांचा उतार. चिखल उडतो म्हणून पोत्यांवर बसलेल्या दोन मजूर बाया उताराच्या आधीं खालीं उतरल्या होत्या, हें आमचें दैव. चालकानें उतारावर ब्रेक दाबला. ट्रॅक्टर दबला, ट्रॉली दबली नाहीं. तिनें ट्रॅक्टरची पाठ बाजूला ढकलली, ट्रॅक्टर वाटेंत आडवा झाला, ट्रॉलीची दांडी मुरगळली आणि पोतीं नाल्यांत गेलीं. चालक तरुण पण सरावलेला होता. तो एवढेंच म्हणाला, "मालक, ब्रेक त दाबला व्हता, पन ट्राली मांगून रेटते."

त्याच्या या वाक्यांत सगळी यांत्रिक मीमांसा आलेली आहे. मागाहून पाहिलें तर ट्रॅक्टरचे लायनर नवे होते व तेल बरोबर होतें. दोष दोन ठिकाणीं निघाला. एक, शेतांत वळण घेण्यासाठीं डाव्या-उजव्या ब्रेकचीं पेडलें सुटीं केलेलीं होतीं, तीं रस्त्यावर येतांना कडीनें जोडलीं नव्हतीं. त्यामुळें एका चाकास ब्रेक अधिक लागला. आणि दुसरा दोष असा कीं, ट्रॉलीस ब्रेक नव्हताच. पहिला दोष चालकाचा, दुसरा आमचा. खरेदीच्या वेळीं ब्रेकाचा आंस महाग पडतो म्हणून आम्हींच साधा आंस घालावयास सांगितलें होतें.

ट्रॉलीस ब्रेक लावण्याचे मार्ग मुख्यतः चार आहेत. सर्वांत साधा तो धक्क्याचा ब्रेक. यांत ट्रॉलीची दांडी थोडी आंतबाहेर सरकणारी असते. ट्रॅक्टर हळू झाला कीं ट्रॉली त्यावर रेटते, दांडी आंत सरकते व तिला जोडलेली तरफ ट्रॉलीच्या चाकांचे ब्रेक ओढते. ट्रॅक्टरांत कांहीं फेरफार करावा लागत नाहीं, कोणत्याहि ट्रॅक्टरामागें ट्रॉली जोडतां येते, हा याचा मोठा गुण. पण धक्का बसल्याशिवाय तो लागत नाहीं; लांब उतारावर सतत लागून राहतो व ड्रम तापतो; आणि ट्रॉली मागें घेतांना तो अडकूं नये म्हणून खिट्टी घालावी लागते. ती काढावयास विसरलें कीं पुढील वाटेंत ब्रेक नाहींच. युरोपांत मोटारीमागील गाड्यांस हा प्रकार ३॥ टनांपर्यंतच चालतो. आपल्या भरलेल्या ट्रॉलीचें वजन त्याच्या फार पुढें जातें, म्हणून लहान ट्रॉली किंवा फवारणीच्या पाण्याची लहान टांकी एवढ्यापुरताच तो घ्यावा.

दुसरा तेलाचा ब्रेक. ट्रॅक्टरच्या लिफ्टचा पंप तेलास दाब देतोच. त्या वाटेंत एक खास व्हॉल्व्ह बसवितात व तो ब्रेकच्या पेडलशीं जोडतात. पाय हलका पडला तर ट्रॉलीकडे थोडा दाब जातो, जोरानें पडला तर अधिक. हा व्हॉल्व्ह म्हणजेच ट्रॉलीच्या ब्रेकचा नियंत्रक, आणि किंमत द्यावयाची ती याची. येथें एक इशारा देणें अवश्य आहे. कांहीं कारागीर हा व्हॉल्व्ह टाळून, टिपिंग ट्रॉली उचलण्यासाठीं असलेल्या बाहेरच्या तेलाच्या तोटीवर ब्रेकची नळी लावून देतात आणि हातानें दांडा ओढण्यास सांगतात. या योजनेंत थोडा ब्रेक असा नसतोच. तेल गेलें कीं पूर्ण दाबानें जातें, चाकें जागच्या जागीं अडकतात आणि ट्रॉली घसरत बाजूस येते. घाबरलेल्या माणसाचा हात अशा वेळीं कोणता दांडा ओढील याचाहि नेम नसतो. त्याचप्रमाणें ट्रॅक्टरच्या स्वतःच्या ब्रेकनळीस फाटा काढून तीच नळी ट्रॉलीपर्यंत नेऊं नये. तेथें तेल अगदीं थोडें असतें. ट्रॉलीचे सिलिंडर भरतां भरतां ट्रॅक्टरचाच ब्रेक पोकळ होतो.

तेलाच्या एकेरी नळीचा एक मोठा उणेपणा आहे. नळी फुटली किंवा पिन निसटून ट्रॉली सुटली, तर तिच्यावर ब्रेकचा अंमल राहत नाहीं. इंजिन बंद पडलें कीं पंपहि थांबतो. म्हणून युरोपीय संघानें नव्या ट्रॅक्टरांसाठीं २०१५ च्या नियमांत एकेरी नळीचा प्रघात बाजूस सारून दुहेरी नळीची पद्धत स्वीकारली. ही अडचण आगगाडीच्या लोकांनीं फार पूर्वीं ओळखली होती. १८६७ सालीं वऱ्हाडांतून नागपुरापर्यंत रूळ पोंचले, त्या काळांत सामान्यतः आगगाडीचे ब्रेक माणसांनीं हातानें आवळावयाचे असत. अमेरिकेंत वेस्टिंगहाउस यानें १८६९ सालीं हवेचा ब्रेक काढला, तो प्रथम असाच एकेरी होता. नळी तुटली तर निरुपयोगी. १८७२ च्या सुमारास त्यानें योजना उलटी केली. नळींत सतत हवेचा दाब राही, आणि तो दाब घटला कीं ब्रेक लागे. डबे तुटून मागें राहिले तरी ते आपोआप थांबूं लागले.

तिसरा प्रकार, म्हणजे हवेचा ब्रेक, याच तत्त्वावर चालतो. ट्रॅक्टरवर हवेचा पंप व टांकी बसते आणि दोन नळ्या ट्रॉलीकडे जातात. लाल नळींतून हवेचा सतत पुरवठा होतो. पिवळी नळी चालकाच्या पायाचा हुकूम पोंचविते. लाल नळी तुटली तर ट्रॉलीचे ब्रेक आपण होऊन आवळतात. खर्च अधिक, निगा अधिक. टांकींत सांठलेलें पाणी रोज सोडावें लागतें. पण ज्यांस पातूरचा घाट उतरावा लागतो, परतवाड्याहून सुमारें ११०० मीटर उंचीच्या चिखलदऱ्याकडे किंवा अकोटाहून मेळघाटांत माल न्यावा-आणावा लागतो, त्यांनीं हा खर्च करावा असें आमचें स्पष्ट मत आहे. पयानघाटांतल्या सपाटीवर शेत ते बाजार एवढीच ये-जा असणारास खास व्हॉल्व्हचा तेलाचा ब्रेक पुरेसा होईल. मात्र त्यास हातानें आवळण्याचा वेगळा ब्रेक व सुरक्षेची सांखळी यांची जोड हवी.

चौथा विजेचा. अमेरिकेंत मोटारीमागें ओढावयाच्या गाड्यांस हा सर्रास असतो. ड्रमाच्या आंत विद्युच्चुंबक असतो. त्यांत बॅटरीचा प्रवाह गेला कीं तो फिरत्या ड्रमास चिकटून ओढला जातो व शू आवळतो. किती प्रवाह सोडावयाचा हें चालकापाशीं बसविलेली एक लहानशी पेटी ठरविते. पेटीचे दोन वर्ग आहेत. एका वर्गाची पेटी पेडल दाबतांच ठराविक वेळांत ठराविक प्रवाहापर्यंत चढते. पाय हलका कीं जड याची ती दाद घेत नाहीं. दुसऱ्या वर्गाची पेटी गाडीचा वेग किती झपाट्यानें कमी होत आहे हें मोजते, पूर्वीं लोलकानें, आतां विजेच्या मापकानें, आणि त्या मानानें प्रवाह सोडते. दुसरी अर्थातच श्रेष्ठ. पण ट्रॅक्टरचे हेलकावे आणि मंद वेग यांत असा मापक फसतो, आणि बिघडल्यास तालुक्याच्या गांवीं दुरुस्त करणारा मिळणें कठीण. आम्ही आपल्या शेतकऱ्यांस हा प्रकार तूर्त सुचवीत नाहीं. त्याची माहिती एवढ्यासाठींच दिली कीं, त्या पेटीच्या जुळणीचा जो नियम आहे तोच तेलाच्या व हवेच्या ब्रेकासहि लागू पडतो. ट्रॉलीनें ट्रॅक्टरास ढकलूंहि नये आणि मागें खेंचूंहि नये. दोन्हीपैकीं कांहीं चुकायचेंच असेल तर मागील खेंच किंचित् अधिक असलेली बरी.

आतां प्रत्यक्ष जुळणी. प्रथम ट्रॉली सपाट जागेवर रिकामी उभी करावी, दोन चाकांस उटी लावावी व एकेक चाक जॅकनें उचलून खालीं भक्कम लाकडी ठोकळे द्यावे. नुसत्या जॅकच्या भरवंशावर ट्रॉलीखालीं कोणीं जाऊं नये. चाक हातानें फिरवीत शू आवळीत जावें. चाक अडूं लागलें कीं तेथून तें मोकळें फिरेल एवढेंच सैल करावें. हें सर्व चाकांस सारखें झालें पाहिजे. डावीकडे घट्ट आणि उजवीकडे सैल ठेवलेला ब्रेक ट्रॉलीस डावीकडे ओढतो, आणि अशा ब्रेकपेक्षां पुष्कळदां नसलेला परवडतो. ब्रेक पूर्ण लागला असतां ओढणारी सळई व तरफ यांमध्यें काटकोन असावा. तरफ त्यापुढें कलली तर पायाचा जोर वायां जातो. तेलाच्या ब्रेकांत यानंतर नळींतील हवा काढावी, बुडबुडे संपून अखंड तेल येईपर्यंत. मग ट्रॅक्टर एकदां डावीकडे व एकदां उजवीकडे शेवटपर्यंत वळवून, नळी ताणली जात नाहीं व चाकास घासत नाहीं, हें पाहावें. जोडाच्या तोंडास टोपण हवेंच. आपल्या काळ्या मातीची चिमूटभर धूळ व्हॉल्व्हांत गेली कीं तो अर्धवट उघडा राहतो आणि ट्रॉली दिवसभर ब्रेक लागलेल्या स्थितींत ओढली जाते; डिझेल जातें, लायनर जळतात, आणि मालकास वाटतें कीं ट्रॅक्टरची ताकद घटली.

चांचणी मोकळ्या, कोरड्या व सपाट रस्त्यावर घ्यावी. पेडलें कडीनें जोडलेलीं असावींत आणि ट्रॉलींत माणूस नसावा. ताशीं वीसच्या वेगानें जाऊन एकाच जोरानें ब्रेक दाबावा. दुसऱ्या माणसानें दूर कडेस उभें राहून चाकांकडे व हुकाकडे पाहावें. चालकाच्या पाठीस ढकलल्यासारखें वाटलें, हूक पुढें आदळला, तर ट्रॉलीचा ब्रेक कमी आहे, वाढवावा. चाकें अडकून रस्त्यावर काळ्या रेघा उठल्या तर तो अधिक आहे; घटवावा. बरोबर जुळलेल्या गाडींत हुकाचा आवाजच येत नाहीं. हीच चांचणी अर्ध्या व पूर्ण भारासह पुन्हा घ्यावी, कारण रिकाम्या ट्रॉलीचीं चाकें लवकर अडकतात व भरलेलीचीं उशिरां. चांगल्या संचांत रिकामी, अर्धी, भरलेली अशा तीन खुणांचा दांडा असतो. तो असेल तर माल उतरतांच फिरवावयाची संवय चालकास लावावी. नसेल तर जुळणी भरलेल्या ट्रॉलीस अनुसरून ठेवावी आणि रिकामीवर पाय हलका ठेवावा.

दोन-चार वेळ ब्रेक लावून झाल्यावर गाडी थांबवून प्रत्येक ड्रमाजवळ हात न्यावा, ड्रमास लावूं नये. एक ड्रम इतरांहून फार गरम लागला तर तो एकटाच काम करीत आहे. एक गार राहिला तर तो कांहींच करीत नाहीं. याहून स्वस्त परीक्षा नाहीं.

ब्रेक कितीहि चांगला असो, उतारावर तो शेवटचा उपाय आहे. ज्या गिअरमध्यें चढ चढला असता त्याच गिअरमध्यें उतार उतरावा, आणि तो गिअर उतार लागण्यापूर्वींच घालावा. डिझेल वाचविण्यासाठीं न्यूट्रल करून उतरणारे चालक आहेत. त्यांनीं वांचविलेलें डिझेल पेलाभर असतें. पाण्याच्या टँकराविषयीं विशेष सांगावयाचें तें हें कीं, अर्धा भरलेला टँकर पूर्ण भरलेल्याहून कपटी असतो. ब्रेक लागतांच आंतील पाणी पुढें धांवतें आणि गाडी थांबत आली असें वाटत असतांना दुसरा धक्का देतें. आंत आडव्या फळ्या नसलेला टँकर घेऊं नये.

नवी ट्रॉली करावयास टाकतांना कारखानदाराकडून बिलावर लिहून घ्यावें : आंस ब्रेकड्रमासह, शू किती रुंद, हातब्रेक आहे, सांखळी व पिनेची खिट्टी आहे, मागें लाल दिवे व परावर्तक पट्ट्या आहेत. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यांत ट्रेलरची वेगळी व्याख्या असून त्याची नोंदणीहि वेगळी होते. ती करून घ्यावी, नाहींतर अपघात झाल्यावर विम्याच्या दारीं उभें राहणें व्यर्थ होतें. जुन्या ट्रॉलीस मात्र सरसकट ब्रेक बसवूं नये. जिचा आंस वांकला आहे, जिचीं पाट्यांचीं टांचणें सैल आहेत, किंवा जिचीं दोन टायरें दोन मापांचीं आहेत, तिच्यावर पैसा घालण्यापूर्वीं आंस बदलावा.

वर्षाची तपासणी पोळ्याच्या आधीं करणें सोयीचें पडतें. बैलांचे खांदे शेकावयाच्या दिवसांत शेतांतलीं कामें थोडीं थंड असतात, आणि मूग-उडदाची पहिली खेप अजून निघावयाची असते. त्या वेळीं ड्रम उघडून लायनर पाहावे, शूच्या वळणावर सांठलेली माती काढावी, नळ्यांस चिरा असल्यास त्या बदलाव्या, आणि हुकाची पिन झिजून बारीक झाली असेल तर तिच्याऐवजीं लोखंडी सळईचा तुकडा न घालतां त्याच मापाची नवी पिन आणावी.